आबांच्या छातीतली कळ

आबांचे वय 62. शेत टेकाडावर. रोज भाकरी खाऊन ते लगेच चढाला लागत. एके दिवशी अर्ध्या वाटेवर छातीत कळ आली. छाती आवळल्यासारखी झाली. डावा हात जड झाला. आबा दगडावर टेकले. पाच मिनिटांत कळ थांबली.

“पित्त असेल,” आबा म्हणाले. त्यांनी सोडा घेतला. चार दिवसांनी पुन्हा तेच झाले.

सूनबाई म्हणाली, “मामंजी, पित्त काय चढ बघून उठतं? चला डॉक्टरांकडे.”

डॉक्टरांनी तपासले. हृदयाचा आलेख काढला. ते म्हणाले, “आबा, हृदयालाही रक्त लागतं. ते नेणाऱ्या नळ्या आतून अरुंद झाल्यात. बसून असता तेव्हा रक्त पुरतं. चढावर जास्त लागतं, ते पोचत नाही. म्हणून कळ येते. याला हृदयशूळ म्हणतात. अँजायना म्हणतात तो हाच.”

“मग आता खाटेवर पडून राहू?”

“छे! रोज सपाटीवर चाला, पण बेतानं. जेवल्याबरोबर चढ नको. गार वाऱ्यात घाई नको. राग आवरा. तंबाखू आजपासून बंद. रोजच्या गोळ्या कळ नसली तरी घ्यायच्या.

“ही लहान गोळी मात्र खिशात ठेवा. कळ आली की काम थांबवा. खाली बसा. गोळी जिभेखाली ठेवा, गिळू नका. उभ्यानं घेऊ नका, घेरी येते. पाच मिनिटांत कळ थांबली नाही, तर 108 ला फोन करा. बसल्या जागी कळ आली, घाम सुटला, तर तेव्हाही फोन करायला उशीर नको.”

आता आबा चढ तीन टप्प्यांत चढतात. पाण्याचे हंडे नातू आणतो. वैरण आबाच घालतात. वाटेत बसायची आधी त्यांना लाज वाटे. लोक काय म्हणतील? आता ते शेजाऱ्यांना आपणच सांगतात, “गोळी या खिशात आहे बरं का!” आबा रात्रीच्या वर्गाला जातात. गोळीच्या पाकिटावरची तारीख ते स्वतः वाचतात. मुदत संपण्याआधी नवी गोळी आणतात.

कळ म्हणजे हृदयाने मारलेली हाक. ती लपवू नये. हाक ऐकून वागले, तर माणूस कामाचा राहतो.

प्रश्न
1. आबांची कळ पित्ताची नव्हती, हे सूनबाईने कशावरून ओळखले?
2. जिभेखालची गोळी बसून का घ्यावी?
3. 108 ला फोन केव्हा करावा?