दार फुगलं म्हणजे वाया गेलं का?

प्रश्न : आमच्या जुन्या घराची दोन सागवानी दारं पावसाळ्यात लागत नाहीत. एका चौकटीचा पाय वाळवीने खाल्लाय. गावातले सुतार दुरुस्ती सुचवतात, मुलगा म्हणतो नवीनच बसवू. शेतातला साग तोडावा का?
— एक वाचक, मंगरूळपीर

उत्तर : काका, सुतारबुवांचं ऐका. लाकूड दमट हवेत फुगतं, सुकलं की आक्रसतं. आत्ता रंधा मारला तर उन्हाळ्यात फट पडेल. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळून बघा. बरीच दारं तेवढ्यानेच लागतात. तरीही अडलं, तर दिवाळीनंतर तासून घ्या आणि वरच्या-खालच्या कडांनाही वॉर्निश लावा. ते हमखास राहून जातं.

चौकटीचा खाल्लेला भाग कापून सागाचाच तुकडा जोडता येतो. मात्र आधी वाळवीचा बंदोबस्त करा, नाहीतर नवा तुकडाही जाईल.

दुरुस्ती रोजावर द्या, नवं काम उक्तं. लाकूड, कड्या, बिजागऱ्या कोण आणणार, हे कागदावर लिहून घ्या. सगळे पैसे आगाऊ देऊ नका.

साग स्वतःच्या शेतातला असला तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते. शिवाय ओलं लाकूड वाकतं. एका पायासाठी झाड तोडू नका. वखारीतून सुकलेला तुकडा आणा.