मंगळूरचे चित्रमय चॅपेल



सुट्टीत गाडीने गोव्याकडे जाणाऱ्यांनी जमल्यास आणखी एक दिवस पुढे जावे. पनवेलहून निघालेला हाच महामार्ग मंगळूरला पोहोचतो. तेथे लाइटहाउस हिलवर, १८८० साली सुरू झालेल्या सेंट अलॉयसियस कॉलेजच्या आवारात एक चॅपेल आहे. बाहेरून साधेच, आत मात्र भिंती आणि छत चित्रांनी भरलेले.

ही चित्रे येशूसंघाचे ब्रदर अंतोनिओ मोस्केनी यांची. इटलीत बेर्गामोजवळ १८५४ साली जन्मलेले हे चित्रकार १८८९ मध्ये येशूसंघात आले, ते धर्मगुरू म्हणून नव्हे, ब्रदर म्हणून. छतावरची चित्रे तैलरंगात कॅनव्हासवर आहेत. भिंतींवरची मात्र ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर काढलेली. यात गिलावा सुकायच्या आत रंग लावावा लागतो. चुना सुकताना रंग धरून ठेवतो. म्हणून एका दिवसात पुरे होईल तेवढाच गिलावा करायचा. अशा भिंतीला हात लावू नये, टेकून उभे राहू नये. हाताचा घाम आणि तेलही तिला बाधते. मुलांना हे आधीच सांगावे.

चित्रांत प्रभू येशूचे जीवन, प्रेषित, संत आहेत. पण मुख्य कथा संत अलॉयसियस गोन्झागा यांची. कास्तिल्योनेच्या सरदाराचा हा थोरला मुलगा. १५८० साली संत चार्ल्स बोरोमिओ यांच्या हातून त्याने प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारले. पुढे वारसाहक्क धाकट्या भावाला देऊन तो येशूसंघात गेला. १५९१ साली रोममध्ये साथ आली. आजाऱ्यांजवळ जाताना त्याला आधी किळस येई, असे त्याची चरित्रे सांगतात. तरी तो गेला, संसर्ग झाला आणि २१ जूनला, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मरण पावला.

मोस्केनींनी ही चित्रे १८९९ नंतर रंगवली. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग आला होता. त्या वेळच्या भाविकांना साथ म्हणजे काय, हे चित्रातून शिकायची गरज नव्हती. २०२० नंतर आपल्यालाही ती उरलेली नाही. आजाऱ्याच्या दाराशी कोण गेले आणि कोणी दार लावून घेतले, हे आपण पाहिले आहे. या संताला आपण केवळ तरुणांचा आश्रयदाता म्हणून ओळखतो, ते अपुरे वाटते.

मोस्केनी १५ नोव्हेंबर १९०५ रोजी कोचीन येथे वारले. तेथील सांता क्रूझ कॅथेड्रलचा अभिषेक अवघ्या चार दिवसांवर आला होता.

चॅपेलमध्ये गेल्यावर आधी बाकावर बसावे. पंधरा मिनिटे मोबाइल खिशात ठेवून छताकडे पाहिले, तर कथा क्रमाने उलगडत जाते. मान दुखते, एवढाच त्रास!

ज्यांना एवढा प्रवास शक्य नाही, त्यांनी कुलाब्याचे होली नेम कॅथेड्रल पाहावे. ते आपल्याच महाधर्मप्रांताचे, आणि आतून तेही चित्रांनी सजलेले. आंबिवलीहून लोकलने सीएसएमटीला उतरले की पुढे बस मिळते.