चेंडू परत मागून घे

कोल्हापूर, गुरुवार

चि. भाच्यास,

तुझा रात्री उशिरा आलेला मेसेज सकाळी वाचला. नवा कोच आल्यापासून टीमचं वाटोळं झालंय, तो स्टॉपरलासुद्धा पास देत खेळायला लावतो, रविवारी तुझ्याच पायातून चेंडू गेला आणि गोल बसला, ग्रुपवर सगळे तुझ्यावर घसरले, आणि हंगाम संपायच्या आत इकडे परत यावं असं तुझ्या मनात आहे. याला दोन ओळींत उत्तर देणं मला जमणार नाही, म्हणून बसून लिहितोय. परत यायचं असेल तर घर तुझंच आहे. पण आत्ता नको.

तुझा राग कुठून येतो ते मला ठाऊक आहे. तू शाहू स्टेडियमवर वाढलास. तिथे स्टॉपरने आपल्या बॉक्सजवळ चेंडू पायात धरला की गॅलरीतून 'हाण की लांब!' अशी आरोळी येते. लांब हाणला की टाळ्या पडतात. तो चेंडू पुढे समोरच्याच टीमला मिळाला, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. तालमींच्या मॅचेसनी तुला धक्का खायला आणि द्यायला शिकवलं, गर्दीची भीती मोडली. ते शिक्षण कमी नाही, आणि तुझ्या कोचनेही ते मोडीत काढू नये. पण लांब मारलेल्या चेंडूची चूक कोणाच्या नावावर लागत नाही, ही त्यातली खरी सोय आहे. नवा कोच तुझी ती सोय काढून घेतोय, म्हणून तो तुला छळतोय असं वाटतं.

तू याला परदेशी फॅड म्हणालास. अरे, हे फॅड आपल्या शेजारी गोव्यात येऊन मुरलंय. २०१६ साली एफसी गोवा इंडियन सुपर लीगमध्ये तळाला होता, आणि कोच कोण, तर ब्राझीलचा झिको! २०१७ मध्ये त्याच्या जागी सर्जिओ लोबेरा आला. बार्सिलोनाच्या युवा विभागात घडलेला माणूस; इथल्या प्रेक्षकाला त्याचं नावही माहीत नव्हतं. त्याने सांगितलं की खेळ आपल्या गोलकीपरपासून सुरू होईल. पहिली मॅच चेन्नईत ३-२ ने जिंकली. दुसरी अंधेरीला, मुंबई सिटीशी. तिथे गोव्याच्या गोलकीपरने चेंडू पायात ठेवला, अंगावर आलेल्या एव्हर्टन सांतोसने तो काढून घेतला आणि गोल केला. मॅच २-१ ने गेली. आता तुझा रविवार आठव.

पाच दिवसांनी घरच्या मैदानावर, फातोर्ड्याला, बेंगळुरूसारखी तगडी टीम समोर होती. एखादा दुसरा कोच म्हणाला असता, तूर्त सांभाळून घ्या, मागे खेळू नका. लोबेराची टीम पहिल्यासारखीच खेळली आणि ४-३ ने जिंकली. गोव्याच्या कोरोमिनासने हॅटट्रिक केली. केरळ ब्लास्टर्सला ५-२ ने हरवलं तेव्हा पुन्हा त्याची हॅटट्रिक. त्या हंगामात साखळीच्या १८ मॅचेसमध्ये गोव्याने ४२ गोल केले. गोल खाल्लेही भरपूर, आणि सेमीफायनलच्या परतीच्या मॅचमध्ये चेन्नईने ३-० ने घरी पाठवलं. म्हणजे ही पद्धत तोट्याशिवाय येते असं मी म्हणत नाही. तोटा कुठे सोसायचा हे कोचने आधी ठरवलेलं असतं, आणि तू त्या ठरलेल्या तोट्यात सापडलास, इतकंच.

आता मुद्द्याचं. चेंडू आपल्याकडे ठेवायचा तो कशासाठी? तुझ्या मेसेजवरून मला वाटतं, हे तुला कोणी नीट सांगितलेलं नाही, किंवा सांगितलं तेव्हा तू रागात होतास. पैलवान पट काढण्याआधी समोरच्याला इकडे तिकडे हलवतो, त्याचा भार एका पायावर आला की मग खाली शिरतो. पासचं काम तेवढंच. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून मागे, पुन्हा डावीकडे. प्रत्येक पासला समोरचे अकरा जण थोडे सरकतात, आणि कधीतरी एक जण अर्धं पाऊल उशिरा सरकतो. त्या फटीतून चेंडू पुढे गेला पाहिजे. तो गेला नाही तर आधीचे वीस पास फुकट. टीव्हीवर पसेशनच्या टक्केवारीचा आकडा लावतात तो बघून भुलू नकोस. २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये स्पेनने रशियाविरुद्ध हजारावर पास दिले. त्यांच्या नावावरचा एकुलता गोल रशियाच्याच डिफेंडरकडून आत गेलेला, आणि शेवटी पेनल्टी शूटआउटमध्ये घरी. असलं पसेशन मलाही झोप आणतं.

तू पाठवलेली गोलची क्लिप मी बऱ्याच वेळा पाहिली. ग्रुपवरचे म्हणतात पास चुकला. माझ्या मते पास द्यायच्या आधीच सगळं बिघडलं होतं. लेफ्ट बॅककडून चेंडू तुझ्याकडे येत होता तेव्हा तुझी दोन्ही पावलं त्याच्याकडे आणि नजर चेंडूवर खिळलेली. उजवीकडचं अख्खं मैदान तुझ्या पाठीशी. तू चेंडू घेतलास डाव्या पायाने, म्हणजे जो पाय चेंडूच्या जवळ होता त्याने, आणि मग वळलास. तेवढ्यात त्यांचा फॉरवर्ड आला. तो धावत सुटला कधी, ते बघ: चेंडू लेफ्ट बॅकच्या पायातून निघाला त्याच क्षणी. तुला तो दिसला असता, पण तू मान फिरवलीच नाहीस.

तेव्हा चेंडू येण्याआधी एकदा आणि वाटेत असताना एकदा, अशी दोनदा मान फिरवून मागे बघायची सवय लाव. अंग अर्धं उघडं ठेव, म्हणजे एका खांद्यासमोर पास देणारा आणि दुसऱ्या खांद्यासमोर पुढचं मैदान. चेंडू लांबच्या पायाने घे. घेता घेताच तू वळलेला असशील. आणि फॉरवर्ड अंगावर येत नसेल तर घाई कशाची? चेंडू तळव्याखाली ठेवून उभा राहा. त्याला येऊ दे. तो आला की त्याने सोडलेली जागा मोकळी झाली, आणि तुझा हाफ तिथेच उभा असायला हवा. क्लिपमध्ये तो उभा नव्हता, फॉरवर्डच्या सावलीत लपला होता. ते त्याचं तो बघेल. तू त्याच्यावर ओरडायला हरकत नाही.

गोलकीपरला विसरू नकोस. १९९२ मध्ये बॅकपास हातात घ्यायला बंदी आली तेव्हापासून गोलकीपरला पायाने खेळावं लागतं, आणि २०१९ पासून गोलकिकचा चेंडू बॉक्समध्येच घेता येतो. साधा हिशेब कर. त्यांचा गोलकीपर त्यांच्या गोलमध्ये अडकलेला, तुमचा मात्र खेळात आला की मैदानात तुम्ही अकरा आणि ते दहा. कोणीतरी एक मोकळा असणारच, आणि बहुतेक वेळा तो गोलकीपरच असतो. २०११ च्या डिसेंबरमध्ये माद्रिदला पहिल्या अर्ध्या मिनिटातच बार्सिलोनाचा गोलकीपर वाल्देसचा पास चुकला आणि बेंझेमाने गोल केला. ऐंशी हजारांचं मैदान, समोर रेआल. पुढची मॅचभर त्याचे सहकारी त्याच्याकडेच चेंडू देत राहिले आणि तो पासच देत राहिला. बार्सिलोना ३-१ ने जिंकलं.

पण तुला मी बघायला सांगेन ती मॅच दुसरीच. २०२० मध्ये लोबेरा मुंबई सिटीचा नवा कोच झाला. कोविडमुळे सगळी लीग गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये. पहिल्याच मॅचमध्ये मोरोक्कोचा अहमद जाहू पहिल्या हाफमध्ये रेड कार्ड खाऊन बाहेर, आणि नॉर्थईस्ट युनायटेडकडून ०-१ अशी हार. तरीही पुढे मुंबईने साखळीत पहिलं स्थान मिळवलं आणि १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याला एटीके मोहन बागानशी फायनल झाली. अठराव्या मिनिटाला याच जाहूकडून आपल्या गोलसमोर चेंडू हरवला, मोहन बागानच्या रॉय कृष्णाने तो पकडला आणि डेव्हिड विल्यम्सने गोल केला. फायनलमध्ये, अशी चूक! त्यानंतरची दहा मिनिटं जाहूवर नजर ठेवून बघ, चेंडूवर नको. तो दोन स्टॉपर्सच्या पुढे येऊन पुन्हा चेंडू मागतो, हाताने खूण करून मागतो. एकोणतिसाव्या मिनिटाला त्याच्याच पायातून लांब चेंडू मुंबईच्या बिपीन सिंगच्या दिशेने गेला, आणि तो अडवताना मोहन बागानच्या तिरीच्या डोक्याला लागून त्यांच्याच जाळ्यात. नव्वदाव्या मिनिटाला बिपीनने दुसरा गोल केला आणि कप मुंबईला.

यातल्या दोन गोष्टी तुझ्या कामाच्या. पहिली, बरोबरीचा गोल पासच्या जंजाळातून आला नाही, लांब चेंडूवरून आला. तुझ्या कोचची पद्धत लांब चेंडूच्या विरोधात नाही. डोळे मिटून मारलेल्या चेंडूच्या विरोधात आहे. समोरचे वर चढून आले असतील आणि त्यांच्या पाठीमागे जागा असेल तर खुशाल मार. तुझा लांब पाय चांगला आहे, तो गंजवू नकोस. दुसरी गोष्ट, चूक झाल्यावर तू क्लिपच्या पुढच्या भागात काय केलंस ते मी पाहिलं. दोनदा लेफ्ट बॅक अडचणीत होता आणि तू त्यांच्या फॉरवर्डच्या मागे जाऊन उभा राहिलास, म्हणजे पास तुझ्याकडे येऊच नये. ग्रुपवर याबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नाही, कारण हे कोणाला दिसलंच नाही. मला ते गोलपेक्षा जास्त लागलं. पायातून चेंडू जाणं खेळात आहे. मागायचंच बंद केलंस तर तुमची टीम दहा जणांची झाली.

चेंडू गेल्यावरचे पहिले पाच सेकंद, यावर कोच ओरडत असेल. ऐक त्याचं. ग्वार्डिओलाच्या बार्सिलोनाची कीर्ती पासची, पण ती टीम चालायची चेंडू हरवल्या क्षणी चहूबाजूंनी तुटून पडण्यावर. पासेस जवळजवळचे असले की माणसंही जवळ असतात, म्हणून लगेच घेरता येतं. रविवारी तू डोक्याला हात लावून उभा राहिलास, ते तीन सेकंद त्या फॉरवर्डला पुरले.

लोबेराचं सगळंच मला पटतं असं समजू नकोस. त्याच्या गोव्याची २०१९ ची फायनल अंधेरीलाच झाली. बेंगळुरूने जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला, कॉर्नरवरून राहुल भेकेच्या हेडरवर ती १-० ने घेतली. गोवा तेव्हा दहा जणांवर होता हे खरं, पण कॉर्नरचा बचाव हा पसेशनवाल्या टीम्सचा दुबळा भाग असतो असं माझं जुनं मत आहे. तिथे तुझ्यासारख्या तालमीत हेडर शिकलेल्याची किंमत कळते. कोचला हे सांगायची गरज नाही, करून दाखव.

आणि कोच टिकेल का, ही तुझी शंका. नाही सांगता येत. जानेवारी २०२० च्या शेवटी गोवा गुणतक्त्यात पहिला असताना क्लबने लोबेराला काढलं! महिन्याभरात त्याच टीमने साखळी जिंकली आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब ठरली. तेव्हा कोचसाठी खेळू नकोस, शिकून घे. गोव्याचा मंदार राव देसाई विंगर म्हणून खेळायचा. लोबेराने त्याला लेफ्ट बॅक केलं. फॉरवर्डला मागे खेचलं की नाकं मुरडतात, हा ते काम शिकला आणि पुढे मुंबईच्या त्या जिंकणाऱ्या टीममध्ये लेफ्ट बॅक म्हणूनच होता.

हंगाम पुरा कर. ग्रुपवर उत्तरं देत बसू नकोस, आणि सरावानंतर लेफ्ट बॅकला थांबवून घेऊन लांबच्या पायाने चेंडू घ्यायचा रोज वेगळा सराव कर. पुढच्या मॅचचं शूटिंग गॅलरीच्या वरच्या पायरीवरून करायला सांग, मोबाइल चेंडूमागे न फिरवता, म्हणजे चेंडू लांब असताना तू कुठे उभा असतोस ते मला दिसेल. गोलच्या क्लिपा मला नकोत. आईला फोन कर; तिला रविवारचा स्कोअर मी सांगितलेला नाही.

तुझा,
मामा