नळी किती मिलिमीटरची, हे नंतर

कोणतं कॅलिबर सगळ्यात अचूक, हे तू मला विचारलंस ते बरं केलंस, पोरी. रेंजवर हाच प्रश्न चार जणांना विचारलास तर चार उत्तरं येतील, आणि जो तो आपल्या हातात जे आहे त्याचंच नाव घेईल. माझी सगळी नोकरी पोलिसात शस्त्र शिकवण्यात गेली. फायरिंग बटवर नवख्या हातांच्या मागे उभा राहिलो, मुरलेल्या हातांच्याही. त्यातून जे कळलं ते तुला देतो.

आधी मुद्द्याचं. चांगलं मॅच पिस्तूल घे, त्याला मानवणारी गोळी घे, पिस्तूल बेंच व्हाइसमध्ये आवळ आणि मार. साडेचार मिलिमीटरचा छर्रा असो, टू-टू असो की थर्टी-टू वॅडकटर, आपापल्या अंतरावर सगळे दहाच्या आतच बसतील. नळीची जी काही चूक आहे ती दहाच्या वर्तुळात मावते. आठवर आणि सातवर जे जातं ते हातातून जातं. त्यामुळे कॅलिबरची तुलना करायची तर यंत्राची करू नकोस. त्या कॅलिबरने तुझ्या हाताला काय होतं, त्याची कर.

आणि दहा म्हणजे केवढं, हे एकदा कागदावर मांडून बघ. १० मीटर एअर पिस्तूलच्या दहाचा व्यास ११.५ मिलिमीटर. २५ मीटर प्रिसिजनच्या दहाचा ५० मिलिमीटर. बघणाऱ्याला वाटतं, पंचवीसवर केवढं मोठं दार उघडं ठेवलंय! आता हिशोब कर. छऱ्याची कड रेषेला लागली तरी दहा मिळतो, म्हणजे छऱ्याचं केंद्र मधल्यापासून ८ मिलिमीटर सरकलं तरी चालतं. टू-टूच्या गोळीला पंचवीस मीटरवर अशी साधारण २८ मिलिमीटरची सूट आहे. पण तुझे ते ८ मिलिमीटर पंचवीस मीटरवर नेलेस तर होतात २०. म्हणजे पंचवीसवरच्या पोरींना २८ ची मोकळीक आणि तुला २० ची. ज्याला लोक ‘छऱ्याची बंदूक’ म्हणून बाजूला सारतात, तिचा दहा टू-टूच्या दहापेक्षा कडक आहे. याहून कडक होतं ते ५० मीटर फ्री पिस्तूल. टार्गेट पंचविसाचंच, अंतर दुप्पट. २०१६ च्या रिओनंतर ते ऑलिंपिकमधून गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरा हिशोब याहून महत्त्वाचा. तुझ्या बॅकसाइटपासून फोरसाइटपर्यंतचं अंतर मोज. टू-टूच्या मॅच पिस्तुलात ते साधारण २२० मिलिमीटर असतं. बॅकसाइटच्या खाचेत फोरसाइटचं टोक १ मिलिमीटर डावीकडे गेलं, तर पंचवीस मीटरवर गोळी सव्वाअकरा सेंटिमीटर डावीकडे जाते. प्रिसिजनच्या टार्गेटवर तो सहा आहे. दहाचा थेट सहा, एका मिलिमीटरने! उलट, साइट्स खाचेत बरोबर बसलेल्या आहेत आणि सगळा हात मिळून ५ मिलिमीटर सरकला, तर गोळीही ५ मिलिमीटरच सरकते. दहाचा दहाच राहतो. नवख्याला हात हलतो याची भीती वाटते आणि तो काळ्या गोलाकडे डोळे फाडून बघत राहतो. हात सगळ्यांचाच हलतो. तू नजर फोरसाइटच्या वरच्या कडेवर ठेव, दोन्ही बाजूंच्या उजेडाच्या फटी सारख्या आहेत का ते बघ, आणि काळा गोल धूसर दिसतोय तर दिसू दे. धूसरच दिसला पाहिजे.

आता एकेक नळी घेऊ.

साडेचार मिलिमीटर, म्हणजे तुझं एअर पिस्तूल. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला साधारण १५० मीटर. धक्का जवळजवळ नाहीच. पण छर्रा हळू असल्याने नळीत जास्त वेळ रेंगाळतो, आणि तेवढ्या वेळात मनगट सैल पडलं तर तो चूक लिहून घेतो. म्हणून घोडा सुटल्यावरही फोरसाइट बघत राहायचं, हात खाली आणायची घाई करायची नाही. ही सवय इथेच लागते. टू-टूची गोळी वेगवान, ती ही चूक थोडी झाकते; झाकलेली चूक सुधारत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्यामुळे कोणी जुनं सीओटू सिलिंडरचं पिस्तूल स्वस्तात देत असेल तर विचार करून घे. त्या गॅसचा दाब उन्हाबरोबर चढतो, छऱ्याचा वेग बदलतो आणि सकाळचा झीरो दुपारी राहत नाही. दाबलेल्या हवेच्या पिस्तुलात रेग्युलेटर असतो, ते असला दगा देत नाही. सिलिंडरवर कोरलेली तारीख मात्र वाच. दहा वर्षं उलटलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि घरीही भरू नये.

टू-टू, म्हणजे ५.६ मिलिमीटर. गोळी २.६ ग्रॅमची, मॅचच्या काडतुसात वेग ३२० मीटरच्या आसपास, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जरा खाली. डब्यावर ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेलं काडतूस पाहून भुलू नकोस. टार्गेटला वेग लागत नाही, एकसारखेपणा लागतो. याचं काडतूस रिमफायर, पुन्हा भरता येत नाही. कारखान्यातून जसं आलं तसं मारायचं. म्हणून इथे सगळा खेळ लॉटचा. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन डबे, फक्त कडेला छापलेला लॉट नंबर वेगळा, आणि एक लॉट तुझ्या नळीत रुपयाच्या नाण्याएवढा ग्रुप देतो, दुसरा पसरतो. तपासायचं कसं ते सांगतो. पंचवीस मीटरवर वाळूच्या पिशवीवर हात टेकव. नळी साफ केली असेल तर पहिले पाचेक राउंड हिशोबात धरू नकोस. मग एका लॉटचे दहा राउंड एका कागदावर, दुसऱ्याचे दहा दुसऱ्यावर. पाचावर निकाल देऊ नकोस, पाच नशिबानेही एकत्र बसतात. जो लॉट बसला त्याचे डबे जमतील तेवढे घेऊन ठेव. टू-टूच्या गोळीला मेणाचा हात दिलेला असतो. डबा तापलेल्या गाडीत ठेवलास तर मेण मऊ होतं, त्याला धूळ चिकटते आणि ती धूळ थेट नळीत जाते. आणखी एक: टू-टू रिकामं असताना घोडा ओढून सराव करू नकोस, पिन चेंबरच्या कडेवर आपटते. त्यात ड्राय फायरची सोय असेल तरच कर.

थर्टी-टूबद्दल आपल्याकडे फार घोळ आहे. दुकानात ‘बत्तीस बोअर’ म्हटलं की दोन वेगळी काडतुसं पुढे येऊ शकतात. एक .३२ एसीपी, खिशातल्या पिस्तुलाचं. दुसरं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, कानपूरच्या सरकारी रिव्हॉल्व्हरचंही हेच. आकडा एक, काडतूस वेगळं, एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही. सेंटरफायरच्या मॅचमध्ये चालतं ते लाँग, आणि त्यातही वॅडकटर. वॅडकटरची गोळी पुढून सपाट असते, काडतुसाच्या तोंडाशी बरोबर बसवलेली, नाक बाहेर येत नाही. साडेसहा ग्रॅमच्या आसपास वजन, वेग जेमतेम २३०–२५०. कागदावरचं भोक बघण्यासारखं असतं: टू-टूची गोल नाकाची गोळी कागद फाडत जाते, कडा दातेरी राहतात आणि भोवती शिशाचा करडा डाग पडतो, वॅडकटर पंचिंग मशिनने कापावं तसं गोल भोक पाडते. गुण मोजायला वाद उरत नाही.

यावरून एक समज पसरलाय की जाड गोळी रेषेला लवकर लागते, म्हणून मोठं कॅलिबर घ्यावं आणि फुकटचे गुण घ्यावेत. सेंटरफायरमध्ये ७.६२ पासून ९.६५ मिलिमीटरपर्यंत काहीही चालतं, पण कागदावरचं भोक मोजायचं गेज सगळ्यांना एकच, ९.६५ चं. तू थर्टी-टूने मार की थर्टी-एटने, मोजणाऱ्याच्या हातात तेच गेज. फुकटचं काही मिळत नाही, वाढीव धक्का मात्र पदरात पडतो. म्हणून मुरलेले नेमबाज थर्टी-टूवर थांबतात. जसपाल राणाने २००६ च्या दोहा एशियाडमध्ये सेंटरफायरला ६०० पैकी ५९० मारून विश्वविक्रमाची बरोबरी केली. या प्रकारात माणूस कुठवर जाऊ शकतो, ते त्या आकड्यावरून समजून घे.

धक्क्याचा ढोबळ हिशोब गोळीचं वजन गुणिले वेग. टू-टूचा एक धरलास तर थर्टी-टू वॅडकटरचा पावणेदोन-दोन आणि नाइन एमएमचा सव्वातीनच्या वर. नाइन एमएम आम्ही वापरलं. ते कामाचं हत्यार आहे, आपल्या देशात प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, तुझ्या वाट्याला यायचं नाही. त्याचा विषय इथेच सोड.

तुझ्या वयाच्या पोरी एअरवरून टू-टूवर गेल्या की म्हणतात, आवाजाने आणि धक्क्याने नेम गेला. नेम तिथे जात नाही. एअर पिस्तूलचा घोडा किमान ५०० ग्रॅमचा, टू-टूचा किमान १००० ग्रॅमचा. बोटाला एकदम दुप्पट ओझं येतं, बोट ओढायला लागतं, आणि ओढलं की फोरसाइट खाचेतून हलली. वर हिशोब केला तो मिलिमीटर इथे जातो. त्यातून २५ मीटरच्या रॅपिडमध्ये टार्गेट ३ सेकंद तुझ्याकडे, ७ सेकंद पाठमोरं. तीन सेकंदांत हात खालून वर आणून गोळी सोडायची. म्हणून हात वर येत असतानाच पहिलं ओझं बोटावर घ्यायला शीक. हे घरी, भिंतीसमोर, रिकाम्या एअर पिस्तुलावर शिकता येतं. समोरच्या भिंतीमागे कोणी नाही याची खात्री करून, आणि छऱ्याचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवून.

कोल्हापूरच्या राही सरनोबतची जकार्ताची फायनल कुठे बघायला मिळाली तर बघ. २०१८ चं एशियाड, २५ मीटर पिस्तूल. राही आणि थायलंडची नफस्वान यांगपायबून, दोघींचे ३४. दोघींच्या हातात टू-टू. शूटऑफला पुन्हा बरोबरी. दुसऱ्या शूटऑफमध्ये राहीचे तीन लागले, समोरचीचे दोन. एका गोळीवर सुवर्ण आलं, आणि एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय बाई ठरली. त्याआधी २०१३ ला चांगवॉनच्या विश्वचषकात पिस्तूलमध्ये भारताचं पहिलं सुवर्ण तिनेच आणलं होतं. मला तिची ती दुसरी शूटऑफच जास्त वाटते. दोन वेळा बरोबरी झाल्यावरही हात वर येण्याची गती तिने बदलू दिली नाही.

तर तुझ्यासाठी माझं मत असं. अजून एअर पिस्तूलच. साडेचार मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तूलला परवाना लागत नाही, तुझं तर सहा ज्यूललाही पोचत नाही. १० मीटरची जागा गोंदियात घरच्या अंगणात, शाळेच्या हॉलमध्ये निघते. पंचवीस मीटरची सुरक्षित रेंज, परवाना, काडतुसांचा खर्च हे सगळं टू-टूसोबत येतं, आणि त्यात तुझे मारलेले राउंड कमी होतात. ज्या कॅलिबरने तुला जास्त राउंड मारता येतील, ते आत्ता तुझ्यासाठी अचूक. एअरवर तुझे दहा-दहा गोळ्यांचे पट्टे स्थिर झाले, शेवटचा पट्टा पहिल्यासारखा येऊ लागला, की टू-टूचं बघू. थर्टी-टूचं नाव तोवर काढू नकोस. बायकांच्या ऑलिंपिक प्रकारात ते नाहीच.

पुढच्या स्पर्धेला पुण्याला जायचं म्हणतेस. महाराष्ट्र एक्सप्रेस इथूनच सुटते, कोल्हापूरपर्यंत जाते, पण रात्रीच्या प्रवासानंतर त्याच दिवशी मारायला उभी राहू नकोस, एक दिवस आधी पोच. पिस्तूल कुलूपबंद पेटीत, सेफ्टी फ्लॅग नळीत घातलेला. पिस्तुलाचं बिल आणि असोसिएशनचं कार्ड पेटीतच ठेव. छऱ्याचे डबे नेहमीच्याच लॉटचे घे, तिथे गेल्यावर कोणी नवा छर्रा चांगला म्हणाला तरी मॅचच्या दिवशी बदलू नकोस. शिसं हाताला लागतं, जेवणाचा डबा खाण्याआधी साबणाने हात धू. आणि निघण्याआधी ५०० ग्रॅमचं वजन घोड्याला टांगून नळी सरळ वर धरून उचलून बघ. घोडा सुटला तर स्क्रू अर्धा फेरा आवळ आणि पुन्हा उचल. इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलवर हे करायची वेळ येऊ देऊ नकोस.