पत्र, वृत्तपत्र आणि ग्रंथ : परभणी परिसरातील मराठी वाचकाचा शोध

१. प्रश्नाची मांडणी

मराठी वाङ्मयेतिहासात लेखकाला, ग्रंथाला आणि प्रकाशनसंस्थेला जे स्थान मिळाले ते वाचकाला मिळालेले नाही. वाचकाचा उल्लेख होतो तोही बहुधा मुद्रणाच्या इतिहासाच्या ओघात. मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले, १८४१ साली भाऊ महाजनांचे 'प्रभाकर' सुरू झाले, १८४२ साली अहमदनगरहून 'ज्ञानोदय' प्रसिद्ध होऊ लागले, १८४९ साली पुण्यात 'ज्ञानप्रकाश' आले. या घटनांच्या आधारे मराठी वाचकवर्गाची घडण सांगण्याची पद्धत रूढ झाली आहे. या पद्धतीचा एक परिणाम असा की, जेथे छापखाना नव्हता तेथे वाचकही नव्हता, असे गृहीत धरले जाते. हैदराबाद संस्थानात असलेला परभणी जिल्हा या गृहीतकामुळे वाचनाच्या इतिहासातून जवळजवळ वगळला गेला आहे.

या गृहीतकाची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वाचनाचा इतिहास छपाईच्या ठिकाणावरून न मांडता मजकूर वाचकापर्यंत ज्या मार्गांनी पोहोचला त्या मार्गांवरून मांडला, तर परभणीचे चित्र कसे बदलते, याचा विचार येथे पत्र, वृत्तपत्र आणि ग्रंथ या तीन साधनांच्या आधारे केला आहे. येथे परभणी परिसर म्हणताना १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला हिंगोली जिल्हा आणि १९८१ पर्यंत परभणीत असलेला परतूर तालुका हेही अभिप्रेत आहेत.

२. पत्र : एकाने वाचावे, अनेकांनी ऐकावे

पत्र आणि ग्रंथ यांचे नाते मराठीला नवे नाही. चांगदेवांनी कोरे पत्र पाठविले आणि त्याचे उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, अशी परंपरागत कथा आहे. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी 'चांगदेव पासष्टी' हा ग्रंथ पत्रोत्तर म्हणून ओळखला जातो, ही बाब महत्त्वाची आहे. गंगाखेडच्या जनाबाईंच्या नावावर असलेल्या एका अभंगात कोणत्या संताची रचना कोणी लिहून घेतली, याची यादी येते. त्यात चोखामेळ्याचा लेखक म्हणून अनंतभट्टाचे आणि सावता माळ्याचा लेखक म्हणून काशिबा गुरवाचे नाव आहे. गाणारा, लिहिणारा आणि ऐकणारा या तीन वेगळ्या व्यक्ती असू शकतात, हे भान या परिसराशी निगडित परंपरेत इतके जुने आहे. म्हणून ज्याला अक्षरओळख नाही तो वाङ्मयाबाहेर, असे समीकरण येथे लागू पडत नाही.

दैनंदिन व्यवहारातील पत्राचा विचार करताना लिपीचा प्रश्न पुढे येतो. देशमुख-देशपांडे घराण्यांतील पत्रे, हिशेब आणि वतनाचे कागद मोडीत असत. पोथी बाळबोधीत असे. दरबारचा कारभार आधी फारसीत आणि १८८४ पासून उर्दूत चाले. त्यामुळे 'साक्षर' हा एकच शब्द येथे अपुरा पडतो. मोडी पत्र सराईतपणे वाचणारा कारकून बाळबोध पोथीत अडखळू शकत होता. पोथी सांगणाऱ्या पुराणिकाला कचेरीतील उर्दू कागद परका असू शकत होता. एका गावात तीन लिप्यांचे तीन वाचक असावेत आणि उरलेल्या गावाने त्यांच्याकडून ऐकावे, अशी ही वाचनाची व्यवस्था होती. कोणत्याही खानेसुमारीतील साक्षरतेचा आकडा ही व्यवस्था दाखवू शकत नाही.

३. पत्रातून वृत्तपत्र : एक तुलना

पत्र आणि वृत्तपत्र यांचा संबंध समजून घेण्यासाठी अमेरिकेतील इंग्रज वसाहतींचे उदाहरण उपयुक्त ठरते. १७०४ साली बोस्टन येथे 'बोस्टन न्यूज-लेटर' हे वृत्तपत्र सुरू झाले. त्याचा प्रकाशक जॉन कॅम्पबेल हा तेथील टपालमास्तर होता. छापील पत्र काढण्यापूर्वी तो हस्तलिखित बातमीपत्रे वसाहतींच्या गव्हर्नरांना पाठवीत असे. वृत्तपत्राच्या नावातच 'पत्र' शिल्लक राहिले ते त्यामुळे. पुढे फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन हाही मुद्रक, संपादक आणि टपालमास्तर होता. १७३१ साली वर्गणी जमवून चालणारे ग्रंथालय उभारण्यात त्याने पुढाकार घेतला. स्वातंत्र्यानंतर १७९२ च्या टपाल कायद्याने वृत्तपत्रांसाठी अत्यंत अल्प दर ठरविला. शंभर मैलांपर्यंत एक सेंट आणि त्यापुढे दीड सेंट, असा तो दर होता. संपादकांनी परस्परांना पाठवावयाचे अंक विनामूल्य जात. दूरच्या खेड्यातील वाचक घडविण्यात टपालाच्या या दराचा वाटा मोठा आहे.

मराठी प्रदेशातही बातमीपत्राची परंपरा होती. निझामाच्या दरबारातील पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे यांची पत्रे अठराव्या शतकातील राजकारणाचे बहुमोल साधन मानली जातात. परंतु ही पत्रे दरबारासाठी होती. कॅम्पबेलच्या पत्राप्रमाणे ती छापील वृत्तपत्रात रूपांतरित झाली नाहीत. मराठी वृत्तपत्र पुढे निराळ्या, म्हणजे इंग्रजी अमदानीतील शिक्षणाच्या आणि मिशनच्या वाटेने आले. 'ज्ञानोदय' हे तर अमेरिकन मराठी मिशनचेच पत्र. तथापि, पत्राचा साचा वृत्तपत्राने सोडला नाही. लोकहितवादींची 'शतपत्रे' १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर'मधून आली आणि नंतर ग्रंथरूप पावली. पत्र, वृत्तपत्र आणि ग्रंथ ही तीन स्वतंत्र दालने नसून एकाच मजकुराच्या तीन अवस्था असू शकतात, याचे हे ठळक मराठी उदाहरण होय.

त्या काळातील आणखी एक लेखन वाचनाच्या इतिहासाच्या दृष्टीने मूलगामी आहे. जोतीराव फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकारच नाही त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न या निबंधात आहे. ग्रंथापासून दूर ठेवलेल्या समाजातील एक मुलगी वृत्तपत्रातून ग्रंथाच्या मालकीविषयी विचारते, तेव्हा वाचन ही केवळ आवडीची बाब राहत नाही. परभणीतील सामूहिक श्रवणाचा विचार करतानाही हा प्रश्न टाळता येत नाही. पोथी ओसरीवर वाचली जात असे तेव्हा ओसरीवर कोण बसे, अंगणात कोण उभे राही आणि अंगणाबाहेर कोणाला थांबावे लागे, हे विचारल्याखेरीज 'सर्वांनी ऐकले' असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही.

४. मार्ग : रूळ, भाषा आणि बंदी

परभणीत छापील मजकूर पोहोचण्याच्या मार्गांपैकी रेल्वेचा विचार प्रथम करावा लागतो. मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग १९०० साली पूर्ण झाला. परतूर, सेलू, परभणी, पूर्णा ही स्थानके त्यावर आली. मनमाडला हा मार्ग मुंबईच्या मार्गाशी जोडला गेल्याने परभणीला एकाच वेळी दोन दिशा मिळाल्या. पश्चिमेकडे मुंबई-पुण्याचे मराठी मुद्रण आणि पूर्वेकडे राजधानी हैदराबादचे उर्दू शासन, असे त्यांचे स्वरूप होते. रेल्वेवरील गाव आणि रेल्वेपासून दूरचे गाव यांच्या वाचनात पुढे जे अंतर पडले, त्याचा अभ्यास अद्याप तालुकावार झालेला नाही.

भाषेच्या मार्गात मात्र अडसर होता. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग भारतीय शिक्षणेतिहासात महत्त्वाचा खरा. पण मराठी भाषक विद्यार्थ्यासाठी ती देशी भाषा स्वतःची नव्हती. मराठीचे वाचन त्यामुळे अभ्यासक्रमापेक्षा घर, कीर्तन, उत्सव आणि वाचनालय यांच्या आश्रयाने टिकले. संस्थानातील मराठी भाषकांनी स्वतःच्या संस्था उभ्या केल्या. हैदराबाद येथे १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. १९३१ साली डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन तेथे भरले. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील परतूर येथे झाले.

सभा-संमेलनांना पूर्वपरवानगीची अट घालणारी 'गश्ती ५३' संस्थानात कुप्रसिद्ध होती. सामूहिक वाचन आणि व्याख्यान हीच ज्या प्रदेशात वाचनाची मुख्य रीत होती, तेथे सभेवरील नियंत्रण हे वाचनावरीलही नियंत्रण ठरते. आ. कृ. वाघमारे यांनी पुण्याहून काढलेल्या 'मराठवाडा' साप्ताहिकाला संस्थानात प्रवेशबंदी झाली, तेव्हा नावे बदलून ते निघत राहिले. अमेरिकेतील १७९२ च्या कायद्याशी हा प्रसंग ताडून पाहावा. तेथे राज्यसंस्थेने वृत्तपत्राला वाट करून दिली; येथे राज्यसंस्थेने वाट अडविली आणि संपादकाने नवे नाव धारण करून ती पुन्हा शोधली. नव्या नावाच्या आड जुने पत्र ओळखणारा वाचक असल्याशिवाय असा उपक्रम चालू शकत नाही. बंदी हाच येथे वाचकाच्या अस्तित्वाचा पुरावा ठरतो.

५. ग्रंथ : लेखकातून दिसणारा वाचक

ग्रंथांच्या बाबतीत परभणी परिसराची परंपरा मुद्रणपूर्व आहे. 'शिशुपालवध' आणि 'उद्धवगीता' यांचा कर्ता महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकर याचे नाव याच परिसरातील बोरी या गावाशी जोडले जाते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत राखले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली, तेव्हा हे वाङ्मय पंथाबाहेरील वाचकाला खुले होऊ लागले. येथे एकाच ग्रंथाला दोन इतिहास आहेत. एक त्याच्या रचनेचा आणि दुसरा शेकडो वर्षांनंतर सुरू झालेल्या त्याच्या सार्वत्रिक वाचनाचा.

आधुनिक काळात बी. रघुनाथ यांचे उदाहरण निर्णायक आहे. १५ ऑगस्ट १९१३ रोजी परभणी जिल्ह्यातील सातोना येथे जन्मलेल्या आणि ७ सप्टेंबर १९५३ रोजी निधन पावलेल्या या लेखकाचे बहुतांश आयुष्य हैदराबाद संस्थानात, सरकारी नोकरीत गेले. 'म्हणे लढाई संपली', 'जगाला कळले पाहिजे', 'आडगावचे चौधरी' या कादंबऱ्यांचा आणि अनेक कथा-कवितांचा हा कर्ता मुंबई-पुण्याच्या वाङ्मयीन वर्तुळाबाहेर घडला. 'साकी' हे त्यांच्या कथासंग्रहाचे नावच उर्दू काव्यपरंपरेचा सहवास सुचविते. प्रत्येक लेखक आधी वाचक असतो, हे मान्य केले तर बी. रघुनाथ यांच्या मागे मराठी आणि उर्दू या दोन्ही परंपरांत वावरणारा वाचनव्यवहार उभा आहे, हेही मान्य करावे लागते. ज्याला मागासपणाची खूण समजले गेले ते उर्दूचे सान्निध्य येथे वाचनाची दुसरी बाजू म्हणून दिसते. शासनाची सक्ती आणि भाषेची देणगी या दोहोंत फरक करणे अभ्यासकाला आवश्यक आहे.

६. निष्कर्ष आणि पुढील कार्य

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. परभणी परिसरात वाचक होता. मात्र तो एकट्याने वाचणाऱ्यापेक्षा वाचून दाखविणारा आणि ऐकणारा असा होता. त्याची साक्षरता अनेक लिप्यांत विभागलेली होती. आणि त्याच्यापर्यंत पोहोचणारा मजकूर रेल्वे, शाळेचे माध्यम व शासनाची परवानगी यांवर अवलंबून होता. छापखान्यांच्या संख्येवरून या वाचकाचे मोजमाप करणे म्हणजे विहिरींच्या संख्येवरून तहान मोजण्यासारखे आहे.

या वाचकाचा पुरावा विखुरलेला आहे. पोथीच्या अखेरच्या पुष्पिकेत लेखनिकाचे नाव, स्थळ आणि शक असतो. एकोणिसाव्या शतकातील अनेक ग्रंथांना आश्रयदात्यांच्या याद्या जोडलेल्या असत. नियतकालिकांतील वाचकांची पत्रे आणि ग्रंथांच्या जाहिराती, वाचनालयांची दाखलनोंद व देवघेवीची पुस्तके, जुन्या पुस्तकांवरील मालकीच्या सह्या ही सर्व प्रथम दर्जाची साधने होत. वाङ्मयेतिहासकार मुख्य मजकूर पाहतो आणि ही पाने उलटून जातो. मोडी व उर्दू या दोन्ही लिप्या जाणणारे संशोधक कमी होत असताना वाड्यांतील दप्तरे वाळवीच्या स्वाधीन होत आहेत. जीर्ण म्हणून रद्दीत काढलेली देवघेवीची वही पुन्हा मिळत नाही.

१९९५ साली परभणी येथे नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. पाठ्यपुस्तकांतील कविता ज्यांच्या घरात प्रथमच पोहोचली अशा श्रोत्यांचाही तो समुदाय होता, असे मानण्यास जागा आहे. त्या समुदायाची वंशावळ शोधायची तर छापखान्याच्या दारापाशी न थांबता गंगाखेडच्या कीर्तनापर्यंत, सेलूच्या रेल्वेस्थानकापर्यंत आणि ओसरीबाहेर उभ्या असलेल्या माणसापर्यंत जावे लागेल. पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातील एका जुन्या वाचनालयाची एक दाखलनोंद जरी प्रबंधिकेसाठी निवडली, तरी मराठी वाचनाच्या इतिहासातील एक रिकामे पान भरून निघेल.