प्रोजेक्टर घेण्याआधी बसून हिशोब



नाताळ जवळ आला की एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. "वाड्यांवरच्या कामासाठी मंडळीतर्फे प्रोजेक्टर द्यायचा आहे, कोणता घेऊ?" यंदा एका भगिनी मंडळाने विचारले, एका तरुण संघाने विचारले, आणि मुलीच्या लग्नाची फिल्म घरच्या भिंतीवर सगळ्या नातेवाइकांना दाखवायची हौस असलेल्या एका सेवानिवृत्त गुरुजींनीही विचारले. प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावे, म्हणून हा अभ्यास.

लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात, २८ ते ३० या वचनांत, बुरूज बांधायला निघालेल्या माणसाचा दृष्टान्त आहे. आपण तो शिष्यत्वाची किंमत या विषयावरच ऐकतो आणि ते योग्यच आहे. पण प्रभूने उदाहरण घेतले ते व्यवहारातले. शहाणा माणूस आधी बसतो आणि मग खर्च मोजतो, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक होते. दान देताना आपण हे "बसणे" विसरतो. सण तोंडावर असतो, मोबाइलवर सवलत दिसते, आणि वस्तू मागवून मोकळे होतो.

एका मंडळीने असेच साडेसात हजारांचे यंत्र मागवले. खोक्यावर ९,००० ल्युमेन लिहिलेले. रविवारी सकाळी उपासनेत लावले, तर गीताच्या ओळी कोणाला वाचता येईनात. खिडक्यांना सतरंज्या लावून पाहिल्या, तेव्हा कुठे पुसट अक्षरे दिसू लागली. मग ते यंत्र "आदिवासी कामासाठी" आमच्याकडे आले. आपल्याला चालत नाही ते त्यांना चालेल, हा विचार मला पटत नाही. पण गंमत अशी, की ते यंत्र वाडीवर खरोखरच चांगले चालले. ते का, हे समजले तर निम्मा अभ्यास झाला.

ल्युमेन म्हणजे यंत्रातून बाहेर पडणाऱ्या उजेडाचे माप. ते मोजण्याची ठरलेली पद्धत आहे आणि त्या मापाला अँसी ल्युमेन किंवा आयएसओ ल्युमेन म्हणतात. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर बहुधा नुसते "ल्युमेन" किंवा "एलईडी ल्युमेन" छापलेले असते आणि त्या आकड्याला काही अर्थ नसतो. ९,००० लिहिलेल्या यंत्रातून खरे २०० अँसी ल्युमेन निघाले तरी नशीब समजावे. म्हणून दुकानदाराला एकच विचारा, "अँसी किती?" उत्तर टाळले, तर तेच उत्तर.

आता कागद-पेन्सिल घ्या. हा उजेड पडद्यावर पसरतो, म्हणून ल्युमेनला पडद्याच्या चौरस फुटांनी भागायचे. सिनेमागृहात, पूर्ण अंधारात, चांगल्या चित्रासाठी जो उजेड धरतात तो या हिशोबाने चौरस फुटाला साधारण १५ येतो. ८ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच चित्र म्हणजे ३६ चौरस फूट. २०० ल्युमेनला ३६ ने भागले तर साडेपाच. चित्र काळवंडलेले दिसणार. तेच चित्र ५ फूट रुंद केले की क्षेत्रफळ १४ चौरस फुटांवर येते आणि उजेड होतो १४. म्हणजे जवळजवळ सिनेमाघराइतका! वाडीवर ते यंत्र चालले ते एवढ्याचसाठी. तिथे रात्र होती आणि चित्र लहान ठेवले होते. चर्चमध्ये सकाळचे ऊन होते आणि चित्र भिंतभर केले होते. उघड्या खिडक्यांच्या खोलीत अक्षरे वाचायची तर चौरस फुटाला ६० ते ८० तरी उजेड हवा. ३६ चौरस फुटांसाठी सरळ ३,००० अँसी ल्युमेन.

म्हणून किंमत विचारण्याआधी जागा ठरवा. चर्चमधील दिवसाची उपासना आणि वाडीवरची रात्र या दोन वेगळ्या गरजा आहेत. एकाच यंत्रात दोन्ही बसवायला गेलात तर दोन्हीकडे अडचण होते.

चर्चसाठी नावाजलेल्या कंपनीचा ३,००० ल्युमेनच्या वरचा, दिव्याचा प्रोजेक्टर पाहावा. आजच्या बाजारात तो अंदाजे ३५ ते ४५ हजारांत सुरू होतो. त्याचा दिवा साधारण ४ ते ६ हजार तास चालतो, उजेड कमी ठेवला तर आणखी. पुढे नवा दिवा लागतो आणि त्याला काही हजार रुपये मोजावे लागतात. ही रक्कम दानपत्रात आधीच धरावी, कारण दिवा जाईपर्यंत समिती बदललेली असते. रविवारी दोन तास वापर असेल तर मात्र चिंता नको, दिवा आपल्यापैकी काही जणांना पुरून उरेल. एलईडीच्या यंत्राला २० हजार किंवा अधिक तासांचे आयुष्य सांगतात. तिथे दिवा बदलण्याचा प्रश्न येत नाही.

रिझोल्यूशनबद्दल थोडक्यात. "फुल एचडी सपोर्ट" म्हणजे यंत्र तशी फिल्म स्वीकारते एवढेच. यंत्राचे स्वतःचे ठिपके किती, त्याला "नेटिव्ह" म्हणतात, ते विचारा. ८००×४८० असेल तर फिल्म ठीक दिसेल, पण मराठीतील काने-मात्रे आणि जोडाक्षरे फाटतात. प्रेझेंटेशन दाखवायचे असेल तर किमान १२८०×७२० घ्यावे. पैसे असतील तर १९२०×१०८०.

अंतराचाही हिशोब आहे. माहितीपत्रकात "थ्रो रेशो" दिलेला असतो. तो १.५ असेल तर ८ फूट रुंद चित्रासाठी यंत्र १२ फूट मागे लागते. दहा फुटांच्या खोलीत चित्र पावणेसात फुटांवर जाणार नाही. यंत्र तिरके ठेवून चित्र चौकोनी करण्याच्या सोयीला कीस्टोन म्हणतात. ती कामापुरतीच वापरावी, कारण तिने उजेड आणि ठिपके दोन्ही वाया जातात. शक्यतो यंत्र पडद्यासमोर सरळ ठेवा.

आता वाडीकडे येऊ, कारण खरी परीक्षा तिथे आहे.

आपल्या कातकरी बांधवांपैकी अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे नाताळात दिलेला प्रोजेक्टर घेऊन वाडीवर गेलात तर घरे बंद. तो भट्टीवरच न्यावा लागतो, तेही मालकाला विचारून, लोकांची जेवणे उरकल्यावर. तिथे वीज मिळेलच असे नाही. आमच्या जिल्ह्यातील फासेपारधी बांधवांच्या पालांवरही तीच गत. त्यामुळे यंत्र किती वीज खाते, हा आकडा ल्युमेनइतकाच महत्त्वाचा. दिव्याचा मोठा प्रोजेक्टर सुमारे ३०० वॅट घेतो, लहान एलईडीचा ७० च्या आसपास. एका माणसाने उचलून नेण्याजोगी १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. तिच्यात ४८० वॅट-तास साठतात. बॅटरी टिकवायची तर निम्मेच वापरावेत, म्हणजे २४०. लहान यंत्र आणि स्पीकर मिळून १०० वॅट धरले तर दोन तास सहज निघतात. मोठे यंत्र पाऊण तासाच्या आत बंद पडेल, ऐन गोष्टीच्या मध्यावर. भाड्याचा जनरेटर असेल तर मध्ये स्टॅबिलायझर हवाच. कुपवाडच्या एमआयडीसीत दिवसभर यंत्रांशी खेळणाऱ्या आमच्या तरुणांना व्होल्टेज काय करू शकते हे सांगावे लागत नाही, पण बाकीच्यांसाठी लिहिले.

पौर्णिमेचे चांदणे चालते, खांबावरचा दिवा चालत नाही. तो नेमका पडद्याच्या मागे येईल अशी जागा निवडा. पडदा म्हणून चुन्याची पांढरी भिंत उत्तम. चादर लावायची तर जाड आणि दुहेरी, खालच्या कडेला काठी बांधून, नाहीतर वाऱ्याने माणसांची तोंडे वाकडी होतात. पातळ चादरीतून उजेड पलीकडे जातो आणि चित्र फिके पडते. पण जत्रेतल्या सिनेमात पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसे बसायची, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्यात तोटा वाटणार नाही.

आवाज हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. यंत्रातला स्पीकर दोन-पाच वॅटचा असतो आणि उघड्यावर तो पंख्याच्या आवाजात बुडतो. अंदाजपत्रकात वेगळा स्पीकर धरा आणि तो वायरने जोडा. ब्लूटूथवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. फिल्म मोबाइलच्या इंटरनेटवर अवलंबून ठेवू नका. पेन ड्राइव्हवर एमपी४ फाइल घ्या आणि निघण्याआधी त्याच यंत्रावर शेवटपर्यंत चालवून पाहा. काही यंत्रे चित्र दाखवतात, आवाज मात्र गायब.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, फ्लॅनेलबोर्डवर गोष्टी सांगून आपली शब्बाथ शाळा चाललीच होती की. खरे आहे. पण पडद्यावर उजेड टाकून गोष्ट सांगणे ही आदिवासींसाठी आपण नेलेली नवलाई आहे, असेही समजू नका. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांनी आणि चित्रकथीतून पिढ्यान्‌पिढ्या कथा सांगत आले आहेत. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. दुसरीकडे, दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि त्यातून आपलीही दैवते पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्या ध्यासातून आला. पडदा पाहणारा माणूस नुसता पाहत बसत नाही. त्याला स्वतःचीही गोष्ट तिथे दिसावीशी वाटते.

म्हणूनच काय दाखवायचे, हे यंत्राइतकेच विचारपूर्वक ठरवा. दुसऱ्याची फिल्म सार्वजनिक ठिकाणी दाखवायला हक्कदाराची परवानगी लागते. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि हेतू धार्मिक आहे म्हणून तो आपल्याला माफ नाही. १९७९ ची 'जीझस' फिल्म मराठीसह अनेक भाषांत अधिकृतपणे मिळते, ती तशीच घ्यावी. आणि एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. क्षयरोगाची किंवा रक्तक्षयाची फिल्म म्हणून लोकांना बोलावून येशूची फिल्म लावायची नाही. काय दाखवणार ते आदल्या दिवशी वाडीच्या पुढाऱ्याला सांगावे, नको म्हणाले तर परत यावे. आपल्या साक्षीला आडपडद्याची गरज नाही.

आरोग्याच्या तयार फिल्मा पुस्तकी मराठीत असतात. आजी-आजोबांपर्यंत त्या पोहोचत नाहीत. त्याऐवजी दहा-बारा फोटो घ्यावेत आणि त्यांवर वाडीतल्याच एखाद्या ताईचा आवाज, तिच्या बोलीत, मोबाइलवर भरावा. कातकरी काय, पारधी काय, घरातली बोली ऐकू आली की मागे उभे असलेले पुरुषसुद्धा खाली बसतात.

सगळ्यात जास्त मागणी मात्र वसतिगृहातल्या मुलांच्या फिल्मांना असते. स्नेहसंमेलन, खेळाचे सामने, पाठांतर. एका संध्याकाळी मुलगी कविता म्हणत असताना तिचे वडील उठून भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या सावलीने अर्धे चित्र झाकले. कोणी त्यांना बाजूला व्हायला सांगितले नाही. त्या दिवसापासून आमचा नियम आहे, की मुलांची फिल्म आधी आईवडिलांना दाखवायची, त्यांची संमती घ्यायची आणि मगच मंडळ्यांमध्ये न्यायची. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसारमाध्यमांत उघड करता येत नाही. आमच्या वसतिगृहातील सर्वच मुलांबाबत आम्ही तेच पथ्य पाळतो. दानार्पणाच्या रविवारी फाटक्या कपड्यांतले, नाक वाहणारे लेकरू मोठे करून दाखवा, असा आग्रह काही मंडळ्यांकडून होतो. तशी फिल्म आमच्याकडे मिळणार नाही. त्याच मुलाची धावण्याच्या शर्यतीतली फिल्म, पालकांची संमती असेल तर, आनंदाने देऊ.

गुरुजींसाठी दोन शब्द. घरच्या खोलीत रात्री लग्नाची फिल्म पाहायची तर ३०० ते ५०० खऱ्या ल्युमेनचे, १०८० चे एलईडी यंत्र पुरेसे आहे. जुनी कॅसेट असेल तर ती आधी डिजिटल करून घ्या. बुरशी लागल्यावर कितीही भारी प्रोजेक्टर उपयोगाचा नाही.

आणि मंडळ्यांना सुचवायचे ते हे. प्रत्येकाने एकेक यंत्र देण्यापेक्षा तीन मंडळ्यांनी मिळून वाड्यांसाठी एक चांगले लहान यंत्र, बॅटरी आणि स्पीकर असा संच द्यावा. बरोबर एक वही असावी. कोणी, कधी, किती तास वापरले आणि काय बिघडले, हे तिच्यात लिहावे. दुरुस्ती सांगली किंवा कोल्हापुरात होते का, हे पावती घेण्यापूर्वी विचारावे. दुकानात जाताना आपला पेन ड्राइव्ह न्यावा आणि दुकानातले दिवे चालू ठेवूनच चित्र पाहावे. आमच्याकडचे लहान यंत्र पाहायचे असेल तर कुपवाडला संध्याकाळी सातनंतर कधीही या. चादर आमच्याकडे आहे.