अंतिम उत्तराचे रूप आणि गणिताचे गुण

दहावीच्या वर्गातून एक शंका आमच्यापर्यंत वरचेवर येते. उत्तर तर बरोबर वाटते, पण पाठ्यपुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तरसूचीशी जुळत नाही. मग गुण जातील काय? या शंकेपायी रात्रीच्या अभ्यासिकेत चांगली उत्तरे खोडली जातात, म्हणून तिचा येथे विचार करीत आहोत.

दोन रूपांचे मूल्य तंतोतंत समान असेल आणि प्रश्नात विशिष्ट रूप मागितलेले नसेल, तर ती दोन्ही एकच उत्तर होत. ज्या चौरसाचा कर्ण १० सेमी, त्याची बाजू १०/√२ सेमी म्हणा की ५√२ सेमी म्हणा. मात्र ‘छेदाचे परिमेयीकरण करा’ किंवा ‘अतिसंक्षिप्त रूप द्या’ असे म्हटले असेल, तर रूप हाच प्रश्न असतो. ‘π = ३.१४ घ्या’ ही सूचनाही तशीच. ७ सेमी त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ २२/७ घेतल्यास १५४ चौसेमी येते आणि ३.१४ घेतल्यास १५३.८६ चौसेमी. दोन्ही आकडे अंदाजीच, पण मागितलेला एकच.

आमच्या मते खरी हानी होते ती रूप बदलण्याच्या घाईत. क्ष² − ४क्ष + १ = ० हे वर्गसमीकरण सूत्राने सोडविले की (४ ± √१२)/२ येते. हे चुकीचे नव्हे, अपुरे आहे. √१२ म्हणजे २√३, म्हणून मुळे २ ± √३. पुष्कळ विद्यार्थी मात्र २ ने फक्त ४ ला भागतात आणि २ ± √१२ लिहितात. काहीजण करणीच्या आतील १२ लाच भागून √६ करतात. मूल्यच बदलले, तेव्हा गुण जाणारच. अशा वेळी आधीची ओळ खोडू नये. पायऱ्यांना गुण असतात, आणि परीक्षकाला बरोबर पायरी दिसली तर तिचे गुण तो देऊ शकतो. दोन फाशांवर समान अंक येण्याची संभाव्यता लिहिताना ६/३६ = १/६ असे दोन्ही ठेवावे; पहिल्या अपूर्णांकात विचार दिसतो, दुसऱ्यात उत्तर.

(३, २) या उकलीऐवजी (२, ३) लिहिणे किंवा चौसेमी गाळणे हा रूपाचा प्रश्नच नव्हे. शाब्दिक उदाहरणात वडिलांचे वय विचारले असता ‘क्ष = १२’ वर थांबणे हाही नव्हे; तेथे क्ष बहुधा मुलाचे वय असते!

५√२ ऐवजी ७.०७ लिहिले तर चालेल काय, असेही विचारले जाते. लेखी परीक्षेत ५√२ हेच अचूक, ७.०७ केवळ जवळचे. दशांश मागितल्याखेरीज ते लिहू नये. संगणकावरील प्रवेशपरीक्षेत मात्र चौकटीत दोन दशांश स्थळांपर्यंत संख्या भरण्याची सूचना असेल, तर तेथे ७.०७ वाचून गत्यंतर नाही.